नियांगतासेरचं वर्ष

उमरित,
९ सप्टेंबर १९८५

मामा,

तुमचं पत्र मिळालं. बसच्या ड्रायव्हरने दोन दिवस ते सुपारीच्या पिशवीत ठेवलं होतं, त्यामुळे त्यावर चुन्याचे डाग पडलेत. वाचायला अडचण आली नाही. तुमचं अक्षर चुन्याखालूनसुद्धा हुकूम सोडतं.

म्हणे ओढ्यावरचं बांबूचं बन तोडायचं आणि तिथे फुलझाडूचं गवत लावायचं. म्हणे गुवाहाटीचा कुणी ठेकेदार तुमच्या ऑफिसात चहा पिऊन गेला. वा! चहा पिणारा गुवाहाटीचा, पाजणारा शिलाँगचा, आणि बन आमचं. आईला जाऊन सात महिने नाही झाले, मामा. ती होती तोवर हा विषय काढायची तुमची छाती झाली नाही. तिने तुम्हाला झाडूनेच हाणलं असतं.

आणि पुढचं वर्ष कोणतं आहे? नियांगतासेरचं! चार वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत बसलेले किडे मे महिन्यात वर येणार, ब्याऐंशीला आले तसे. बाकी काही नाही तरी फुटबॉलचा वर्ल्ड कप तुमच्या ध्यानात राहतो ना? ज्या वर्षी तो, त्याच वर्षी हे. एवढं सोपं आहे.

आपल्या रीतीप्रमाणे धाकटी मुलगी म्हणून आईचं घर आणि जमीन राखायची मी, आणि मामा म्हणून शब्द चालायचा तुमचा. करार करायचा तर सह्या दोघांच्या लागतात. माझी मिळणार नाही. पोटातलं बाळ लाथा मारतंय, त्यालाही तुमचं पत्र आवडलेलं दिसत नाही.

खुब्लेइ. देव तुमचं भलं करो, मला सध्या जमत नाही.

फिडालिन


शिलाँग,
२१ सप्टेंबर १९८५

चि. फिडालिन,

तुझे दिनांक ९ चे पत्र मिळाले. पत्रातील भाषा वाचून तुला आठवीनंतर शाळेत का पाठवले नाही, असा प्रश्न पुन्हा एकदा पडला. असो.

मुद्द्याचे बोलू. तीन एकर जमीन किड्यांसाठी राखून ठेवणारे लोक जगात आपणच. बांबू काय, डोंगरात कुठेही उगवतो. गवत लावले तर दरवर्षी पीक. किडा येणार चार वर्षांनी, आणि आला तरी लोक त्याला तव्यावर टाकणार! यास शेती म्हणत नाहीत.

इथे शहरात आपल्या भोई जमातीच्या लोकांना काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही. 'किडेखाऊ भोई.' तुझ्या मामीचे भाऊ जेवताना मला विचारतात, "काय हो बाह, यंदा पीक कसं आहे? पंखांसकट की बिनपंखांचं?" आणि सगळे हसतात. ब्याऐंशी साली तुझ्या आईने परतलेल्या किड्यांची टोपली पाठवली होती, आठवते? ती त्यांनी माझ्यादेखत कोंबड्यांना घातली.

शिवाय त्या साली त्या बनात किडे मूठभरच निघाले असे ऐकतो. किडा संपत आला आहे. संपलेल्या गोष्टीसाठी जमीन अडवून ठेवण्यात शहाणपण नाही. विचार कर.

तुझा मामा,
रोस्टनवेल माकदोह


उमरित,
१२ ऑक्टोबर १९८५

मामा,

मूठभर? कुणाची मूठ होती ती? ब्याऐंशीला तुम्ही आला होतात का? आईने तीन पत्रं लिहिली, तुम्हाला रजा नव्हती. आम्ही तेव्हा सहा टोपल्या भरल्या आणि शेजारच्या गावालाही दिल्या. ऐकीव गोष्टी लिहायला सरकार तुम्हाला पगार देतं काय?

आणि आईची टोपली कोंबड्यांनी खाल्ली, हे तुम्ही मला आता सांगताय! तिला तेव्हा काय कळवलं होतं? "फार चविष्ट होते, सगळ्यांना आवडले." ती ते पत्र सगळ्या गावाला वाचून दाखवत होती. धन्य आहे तुमची. बायकोच्या घरी ताटात काय वाढलंय ते विचारायची सोय नाही, आणि आईच्या घरावर हुकूम सोडायचे! मेव्हण्यांनी टोमणा मारला की कुऱ्हाड आमच्यावर का चालते हो? त्यांच्या परसात चालवा की.

गावपंचांच्या दरबाराचा नियम विसरलात का? 'किड्याच्या वर्षी त्या बनाला कुऱ्हाड लावायची नाही.' गावच्या वहीत तो कुणाच्या अक्षरात आहे सांगू? तुमच्याच. नोकरी लागायच्या आधी दरबाराची वही तुम्हीच लिहायचात. तेव्हा तुम्हाला किड्यांची लाज वाटत नव्हती. आई सांगायची, तुम्ही कच्चेच तोंडात टाकायचात.

फिडालिन


शिलाँग,
४ नोव्हेंबर १९८५

चि. फिडालिन,

तुझे पत्र मिळाले. वाद वाढवण्यात अर्थ नाही. दरबाराचा नियम मी लिहिला आहे आणि तो मला मान्य आहे. किड्याच्या वर्षी त्या बनाला कुऱ्हाड लागणार नाही. हा माझा शब्द.

तुझे दिवस भरत आले असतील. सुईणीवर विसंबू नको, नोंगपोहच्या दवाखान्यात वेळेवर जा आणि डॉक्टर सोडेपर्यंत तिथेच राहा. सोबत लोकरीची टोपी आणि मोजे पाठवत आहे. मामीने विणले आहेत.

रोस्टनवेल


उमरित,
२० नोव्हेंबर १९८५

मामा,

नमलात तर! तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, तरी खरं वाटेना. लामफ्रांग म्हणाला, "बघ, उगाच त्यांना शिव्या देत होतीस." माझ्या नवऱ्याला जगात सगळे चांगलेच दिसतात, म्हणून तर त्याने माझ्याशी लग्न केलं.

टोपी छान आहे. मोजे एवढे मोठे आहेत की बाळ त्यात कमरेपर्यंत मावेल. मामीला खुब्लेइ सांगा. एक तारखेला नोंगपोहला जातेय. मागे बोलले ते बोलले, मनावर घेऊ नका. बाळ झालं की तुम्हीच नाव सुचवा.

फिडालिन


उमरित,
२ जानेवारी १९८६

मामा,

मुलगी झाली. हे आधी सांगते, कारण पुढे चांगलं काही लिहिणार नाही. नाव आम्हीच ठेवलं, इबानरी. तुमच्याकडून तिला काहीही नको. टोपी आणि मोजे याच बसने परत येताहेत.

मला ताप होता म्हणून दवाखान्यात महिना काढावा लागला, लामफ्रांगही माझ्यासोबत तिथेच. अठ्ठावीस तारखेला आले. ओढ्याच्या वळणावर बस थांबली आणि मला वाटलं चुकीच्या जागी उतरवलं. बनच नाही! वर टेकडीपर्यंत सगळं उघडं आणि वीतभर उंचीची खुंटं. तीन एकरांत सावली म्हणून नाही. बाळाच्या तोंडावर ऊन येत होतं आणि मी रस्त्यात उभी राहून रडले, दहा माणसांसमोर.

गावप्रमुख थोरनिलला जाऊन विचारलं, "तुम्ही सगळे मेला होतात काय?" म्हातारा मान खाली घालून म्हणाला, "पोरी, तुझ्या मामाची चिठ्ठी होती. आम्ही ठेकेदाराला अडवलं, तर त्याने आमचीच वही काढायला लावली. नियम 'किड्याच्या वर्षी'चा. तारीख होती अकरा डिसेंबर. म्हणाला, वर्ष लागायला वीस दिवस आहेत."

म्हणजे नोव्हेंबरात तुम्ही शब्द दिलात तो हा. दवाखान्यात वेळेवर जा, डॉक्टर सोडेपर्यंत राहा! मी त्या ओळीवर किती खूश झाले होते, मामा. सख्ख्या भाचीला बाळंतपणाला लांब पाठवून मागे बन तोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चोरसुद्धा मोजे पाठवत नाही.

करारावर माझी सही अजून नाही, आणि मी मेले तरी होणार नाही.

फिडालिन


शिलाँग,
१४ जानेवारी १९८६

चि. फिडालिन,

मुलीबद्दल अभिनंदन.

आरोपांबाबत. माझा शब्द नेमका काय होता ते माझ्या पत्रात पाहावे. किड्याच्या वर्षी कुऱ्हाड लागणार नाही असे मी लिहिले होते. १९८६ साली लागलेली नाही, लागणारही नाही. उरलेला पालापाचोळा ठेकेदार मार्चमध्ये जाळेल, परंतु आग म्हणजे कुऱ्हाड नव्हे. नियमाचे पालन अक्षरशः झाले आहे. तू भावनेच्या भरात लिहितेस, मी वाचून लिहितो, हाच आपल्यातील फरक.

तथापि घरात तेढ नको म्हणून एक प्रस्ताव ठेवतो. मे अखेरपर्यंत त्या जमिनीतून किडे निघाले, तर तिच्यावरचा मामाचा हक्क सोडल्याचे मी दरबाराला लिहून देईन आणि पुन्हा त्या जमिनीचे नाव काढणार नाही. न निघाल्यास तू करारावर सही करशील. पाहायला मी स्वतः येईन. ऐकीव गोष्टींवर मी विश्वास ठेवतो असे पुन्हा म्हणायला नको.

रोस्टनवेल


उमरित,
३ मार्च १९८६

मामा,

पैज मान्य. थोरनिलसमोर सांगितलंय.

काल तुमच्या ठेकेदाराने जाळलं. मागे राहिलेले पोकळ बांबू बंदुकीसारखे फुटत होते, इबानरी दचकून दचकून रडत होती. आता जमीन काळी झालीय, पाय टाकला की राख उडते. म्हाताऱ्या बायका मला समजावतात, "सही करून टाक गं. असल्या जमिनीतून काय निघणार आहे?" मी म्हणते, किडे जमिनीखाली आहेत, मामा जमिनीवर आहेत. आगीची झळ वर बसते, खाली नाही.

असं म्हणते खरी. पण मनातून घाबरलेय. हे तुम्हाला का लिहिलं कुणास ठाऊक.

फिडालिन


उमरित,
१५ मे १९८६

मामा,

निघाले! परवा पाऊस झाला आणि काल संध्याकाळपासून ते निघताहेत. पैज तुम्ही हरलात. काळ्या जमिनीला बोटाएवढी भोकं पडलीत, पाऊल टाकायला जागा नाही. सबंध गाव "आले, आले" करत टोपल्या आणि मशाली घेऊन धावलं. मी सगळ्यांत पुढे. मला तुमचं तोंड डोळ्यांपुढे दिसत होतं आणि मी हसत होते.

मग मशालीच्या उजेडात नीट पाहिलं, आणि हसू गेलं.

तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते. वर आला की तो किडा काहीतरी उभं शोधतो. त्यावर चढायचं, नखं रोवायची, मग पाठ उलते आणि आतला मऊ जीव बाहेर येऊन खाली लोंबतो. लोंबला तरच पंख सरळ सुटतात. आणि इथे चढायला काय आहे? वीतभर जळकी खुंटं! एकेका खुंटावर वीस-वीस चढले. वरच्याची पाठ उलली की खालचा त्याच्या अंगावरून जातो, दोघेही पडतात. बाकीचे राखेत चालत राहिले, गोल गोल. ज्यांना धीर धरवला नाही ते जमिनीवरच उलले. त्यांचे पंख राखेत चोळामोळा होऊन तसेच वाळले. सकाळी मी फिरले तर सगळीकडे तसले पडलेले, जिवंत, पाय हलवताहेत. मुंग्या लागल्या होत्या.

थोरनिल म्हणाला, "हे अंडी घालणार नाहीत. नव्वद साली इथून काही निघणार नाही."

कुणी एकही किडा टोपलीत घातला नाही. घालवेना.

पैज जिंकून माझ्या हातात हे आलं. तुमचा कागद तुमच्याकडेच ठेवा. बघायला येऊ नका, तुम्हाला दाखवण्यासारखं मी इथे काही ठेवलेलं नाही. तुम्ही खूप शिकलात मामा, आणि शिकून ही एवढी एकच गोष्ट केलीत.

फिडालिन


उमरित,
२२ मे १९८६

मामा,

तुमचं उत्तर नाही. पाहायला येईन म्हणाला होतात, तेही आला नाहीत. बरं झालं. पण इथे काय झालं ते तुम्हाला कळलंच पाहिजे, म्हणजे रात्री झोप लागणार नाही.

सोळा तारखेला दरबार बसला. थोरनिल म्हणाला, मोठी फळी अजून खाली आहे, पुढच्या पावसाला निघेल, आणि त्या जमिनीवर तोवर जमेल तेवढं उभं करायचं. म्हातारी बिलिन ओरडली, "चार वर्षं खायची वाट पाहिली, आणि आता त्यांना शिड्या लावायच्या?" पण सगळ्यात आधी तिनेच आपल्या कुंपणाचे वासे उपसून आणले. बांबू तुमच्या ठेकेदाराने नेलेले, म्हणून ज्याच्याकडे जे होतं ते त्याने आणलं. मासे धरायच्या काठ्या, शिड्या, मोडक्या खाटांचे पाय, चर्चच्या मांडवाचे खांब. पोरांनी मैदानावरचे गोलपोस्ट आणून पुरले. वर्ल्ड कपच्या तोंडावर! शेजारच्या गावांतूनही माणसं आली.

अठरा तारखेला पाऊस पडला आणि दिवेलागणीला जमीन हलायला लागली. खरंच हलत होती. काठ्या भरल्या. तरी पुरेनात. मग माणसंच हातात वासा धरून रांगेत उभी राहिली. मी इबानरीला पाठीशी बांधून धावत होते. ओढ्याकडच्या टोकाला कुणी परगावचा बावळट पाठीवर बांबूचं इरलं घेऊन नुसताच उभा होता, रिकाम्या हाताने! उजेड कमी, मला त्याचं तोंडही दिसलं नाही. मी ओरडले, "ए शहाण्या! काठी नाही आणली तर स्वतःच खांब हो की! का जत्रेला आलास?" आणि खरंच, तो तिथेच उभा राहिला. इरलं काढून बाजूला ठेवलं आणि हात पसरून उभा राहिला.

लोक बसले, उठले, सुपारी खाऊन आले. हा हलला नाही. लामफ्रांग त्याला चहा द्यायला गेला तर तोंड फिरवून मानेनेच नको म्हणाला. अंगावर किडेच किडे, कपडा दिसत नव्हता म्हणे. उजाडायच्या आत कुठे गेला कुणाला कळलं नाही. आता सगळा गाव त्याचं नाव काढतो, आणि नावच माहीत नाही.

तो माणूस बघा, मामा. त्याचं इथे काय होतं? ना जमीन, ना भाची. अक्षरशत्रूही असेल. त्याच्याकडून काहीतरी शिका.

निम्म्याहून जास्त उडाले. टेकडीवरच्या झाडांत आता इतकं गाताहेत की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही.

फिडालिन


शिलाँग,
२८ मे १९८६

फिडालिन,

तो बावळट मी होतो.

तुझं पंधरा तारखेचं पत्र मला अठराला सकाळी जेवायला बसलो असताना मिळालं. मी ते ताटावरच वाचलं. मेव्हणा म्हणाला, "काय हो बाह, पीक आलं वाटतं?" त्यावर सगळे हसले. एरवी मीही थोडं हसतो. त्या दिवशी उठलो, हात धुतले आणि जी बस मिळाली ती धरली. ऑफिसचेच बूट पायात होते.

वळणावर उतरलो तेव्हा अंधार पडत होता. घरी यायचं धाडस झालं नाही. कुंपणाला कुणाचं तरी इरलं टेकवलेलं होतं, ते डोक्यावर घेतलं, म्हणजे कुणी ओळखणार नाही. लांबून बघून परत जायचं ठरवलं होतं. जिथे आम्ही लहानपणी वाट चुकायचो तिथून मला पलीकडचा डोंगर दिसत होता. मी 'अक्षरशः' असा शब्द लिहिला होता ना तुला? तो आठवून मला माझीच किळस आली.

मग तू ओरडलीस. तुझी आई अगदी अशीच ओरडायची. मी उभा राहिलो.

ते आधी बुटांवर चढले. नखं विजारीतून आत लागतात, टोचत नाहीत फारशी, पण हलावंसं वाटतं. हललो नाही. एक जण कोटावर चढून दुसऱ्या बटणापाशी थांबला. चिखलाने माखलेला, तपकिरी, डोळे नसल्यासारखा. थांबला तो थांबलाच. मला वाटलं मेला. मग त्याच्या पाठीवर केसाएवढी चीर पडली. ती रुंद झाली, आणि आतून फिकट, हिरवट-पांढरं काहीतरी फुगून वर यायला लागलं. डोकं आलं, पाय आले, आणि तो मागे उलटा पडला. शेपटीच्या टोकाने फक्त अडकून लोंबत होता. मला खोकला येत होता. मी तो गिळला, डोळ्यांतून पाणी आलं तरी गिळला. किती वेळ तो तसाच! मग एकदम उठून बसला, आपलीच कवची सहा पायांनी धरली आणि शेपूट सोडवून घेतली. पंख म्हणजे ओल्या कागदाचे बोळे होते. माझ्या छातीवर ते हळूहळू सुटले, सरळ झाले. एवढा मऊ होता की माझ्या श्वासाने हलत होता, म्हणून मी श्वासही बेताने घेत होतो.

मी लहानपणी असे शेकडो खाल्लेत, फिडालिन. एकालाही पुरता बाहेर येताना पाहिलं नव्हतं. आपण त्यांना नेमके त्या मऊ वेळेलाच उचलतो.

पहाटे ते काळपट व्हायला लागले. मी सरकत सरकत ओढ्याकाठच्या मोठ्या झाडापाशी गेलो, टेकून उभा राहिलो, आणि ते एकेक करून झाडावर गेले. शेवटचा गेल्यावर निघालो. पाय वळत नव्हते.

कवच्या कोटाला चिकटलेल्या होत्या, तसाच घरी गेलो. मेव्हणे हसले. मामी हसली नाही, तिने माझे पाय गरम पाण्यात घातले.

सोबत दोन कागद आहेत. एक दरबाराला, मामाचा हक्क सोडल्याचा. दुसरा नियम, नव्याने लिहिलेला. 'त्या बनाला कुऱ्हाड किंवा आग लावायची नाही.' वर्षाचा उल्लेख काढला आहे. ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं आहे. तू मला जे जे म्हणालीस ते सगळं खरं आहे. मोज्यांचंसुद्धा.

मामा


उमरित,
१२ जून १९८६

मामा,

पत्र वाचून मी चुलीपाशी बसून राहिले. भात करपला. लामफ्रांगला वाचून दाखवलं तर तो म्हणतो, "मला चहा देतानाच संशय आला होता." खोटारडा. त्याला कधी कशाचा संशय आला आहे?

आता तुम्हाला बावळट म्हटल्याबद्दल माफी मागावी, असं थोरनिलचं म्हणणं पडलं. मी मागणार नाही. तुम्ही होतातच बावळट. जो माणूस रात्रभर उभा राहू शकतो, तो डिसेंबरात एक दिवस उभा राहून ठेकेदाराला परत पाठवू शकत नव्हता का? हे मला अजून कळत नाही आणि ते आठवलं की माझा संताप होतो.

नियमाचा कागद दरबाराने वहीत चिकटवला. हक्क सोडल्याचा कागद मात्र मी परत पाठवतेय. असं कसं सुटाल? जमीन उघडी करून ठेवायची, मग सही करून मोकळं व्हायचं, हे तुमच्या ऑफिसात चालत असेल. पैज माझी होती, जिंकले मी, आणि माझं मागणं वेगळं आहे. मामा आहात, मामा म्हणून राहायचं.

जळक्या बेटांना कोंब फुटलेत, हातभर झालेत. शेजारच्यांच्या गाई रोज येऊन ते खातात. मला बाळ सांभाळून हाकलता येत नाही आणि लामफ्रांग गाईंशी प्रेमाने बोलतो. कुंपण घालायचंय, तीन एकरांना. दर पावसाळ्याला दोन महिने राखण करायची, चार वर्षं. तुम्ही ऑगस्टात निवृत्त होताय असं मामीने कळवलंय. खोली झाडून ठेवते. मामीला यायचं असेल तर तिलाही आणा, मेव्हणे तिथेच राहू द्या.

निवृत्त झालात की पहिल्या शनिवारच्या बसने या. बूट नकोत.

आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते, तुम्हाला लिहिलेलंच कळतं म्हणून. नव्वदच्या मे महिन्यात आपण दोघं तिथे जाऊन उभे राहू. जमिनीतून निघाले, तर केलं. नाही निघाले, तर नाही.

फिडालिन